नवमीची सवाष्ण

शलाकाचा फोन आला तेव्हा मी तिच्याच वडिलांच्या दाव्याचे कागद तारखेप्रमाणे लावत होते.

"हेमा, गुरुवारी रजा मिळेल का गं तुला?"

"कशाला?"

"आईची नवमी आहे. अविधवा नवमी. वर्षश्राद्ध झाल्यावरची पहिली. सवाष्ण जेवायला घालायची आहे. देशपांडे वहिनी भारतात गेल्यात, स्मिताची अडचण आलीय. अख्ख्या लोमा सेकात उरलीस तू एकटी."

मी कागदांवर हात ठेवून बसले. वरच्याच पानावर नाव होतं: दत्तात्रय गिजरे, वादी.

"बोलत का नाहीस? उपास-बिपास आहे का?"

"नाही. येते मी."

"बरं झालं बाई. सवाष्णीच्या बोलावण्याला नाही म्हणत नाहीत, पण हल्ली कोण काय मानतं सांगता येत नाही. आणि ऐक, जेवण झालं की बाबा विचारतील, 'काही राहिलं का?' आमच्या घरची पद्धत आहे. सवाष्ण मागेल ते अमावास्येच्या आत पुरं करायचं. आणि काय मागितलं ते कुणाला सांगायचं नाही. आजीच्या नवमीला एका बाईनं पैठणी मागितली होती म्हणे. आजोबांनी सायकल विकली. तर तू जरा बेतानं माग."

ती हसली. मीही हसले. फोन ठेवला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार, चार ऑक्टोबर. अमावास्या पुढच्या गुरुवारी, अकराला. त्याखाली तीन आठवड्यांनी, दोन नोव्हेंबरभोवती लाल वर्तुळ होतं. ते मीच काढलं होतं.

लोमा सेका हे कॅलिफोर्नियातलं बदामाच्या बागांचं गाव. मी राहायला तिथे आणि नोकरीला चाळीस मैलांवर, वकिलांच्या एका कचेरीत. कागद तयार करायचे, तारखा सांभाळायच्या, एकही मुदत चुकू द्यायची नाही, हे माझं काम. माझी एकही चुकली नव्हती.

पावणेदोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत प्रमिलाकाकू गिजरे दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. खोलीतल्या गॅसच्या हीटरचा वायू बाहेर जाण्याऐवजी आतच साठला. काका गॅरेजमध्ये काहीतरी खुडबुड करत होते. ते आत आले, त्यांनी काकूंना ओढत अंगणात आणलं, आणि स्वतःही तिथेच पडले. काकू गेल्या. काका वाचले, पण त्यांचं हृदय निम्म्यानं निकामी झालं. त्यांनी हीटर बनवणाऱ्या ओहायोतल्या कंपनीवर दावा लावला. दाव्यात दुसरा प्रतिवादी होता हीटर बसवणारा गावातलाच कारागीर, एर्नेस्तो.

कंपनीची बाजू आमच्याकडे होती. कंपनीचं म्हणणं असं, की त्या बाईंनी ओले कपडे हीटरवर वाळत टाकले, म्हणून वायूची वाट बुजली.

अमेरिकेत कोर्टं दोन प्रकारची असतात, राज्याची आणि केंद्राची. केंद्राच्या कोर्टाला फेडरल म्हणतात. काकांनी दावा लावला तो राज्याच्या कोर्टात, लोमा सेकातच, पोस्टासमोरच्या इमारतीत. तिथे एक कायदा आहे: वादी म्हातारा आणि आजारी असेल तर त्याचा खटला रांग मोडून आधी चालवायचा. काका एक्याऐंशी वर्षांचे. त्यांना तीन डिसेंबर ही तारीख मिळाली होती. फेडरल कोर्ट दीडशे मैलांवरच्या शहरात. तिथे अशी सवलत नाही, आणि रांग दोन-दोन वर्षांची.

परराज्यातल्या कंपनीला असा दावा राज्याच्या कोर्टातून उचलून फेडरल कोर्टात नेता येतो. अट एवढीच, की तिच्या जोडीला याच राज्यातला प्रतिवादी नसावा. म्हणजे एर्नेस्तो दाव्यात होता तोवर दावा लोमा सेकातून हलणार नव्हता. वादीनं आपखुशीनं त्याला सोडलं, तर हलला असता. पण तेही दावा लावल्यापासून वर्षाच्या आत. वर्ष पुरं होत होतं दोन नोव्हेंबरला.

माझी वरिष्ठ कॅरल विटमर मला एकदाच म्हणाली होती, "तो हीटरवाला दोन तारखेच्या आत गळाला, तर मला कुठूनही शोधून काढ." आणि त्याच्या कितीतरी आधी, दावा कचेरीत आला त्या दिवशी, तिनं विचारलं होतं, "ही तुझ्या भाषेची माणसं. ओळखतेस?"

"तोंडओळख आहे. मंडळाच्या दिवाळीला भेटतात."

"मग हा दावा संपेपर्यंत भेटायचं नाही. समोरच्या अशिलाशी आपण एक शब्द बोलायचा नाही. तूही नाही."

गुरुवारी मी दाताचं कारण सांगून रजा घेतली.

घरात शिरले तर काका मुकटा नेसून खुर्चीत बसले होते. नाकात प्राणवायूची नळी, शेजारी चाकांवरचं नळकांडं. फोनच्या स्पीकरवरून सनीवेलचे गुरुजी संकल्प सांगत होते, आणि मधूनच त्यांच्या मागे कुणाचा तरी मिक्सर फिरत होता.

"ये ये," काका म्हणाले. "गुरुजी, सवाष्ण आली. तुमचा मिक्सर थांबवा."

शलाकानं माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. हिरवी साडी अंगावर घालायला दिली. जेवणघरात जमिनीवर पाट मांडला होता, कडा घासून गोल केलेला.

"बदामाच्या लाकडाचा आहे," काका म्हणाले. "इथे पाट कुठला मिळायला! एर्नेस्तोनं करून दिला. मी कागदावर काढून दाखवला तर विचारतो, ही खुर्ची पाय तुटलेली का हवी?"

मी बसले. काकांनी खुर्ची पाटासमोर ओढून घेतली.

"आज तू हेमा नाहीस हं. आज तू ती. मी तिच्या नावानं वाढायला सांगणार. आणि तिला मीठ कमी लागायचं, तेव्हा आज सगळं अळणी आहे. चालवून घे."

"बाबा, काहीतरीच," शलाका म्हणाली. "मीठ बरोबर आहे गं. घाबरवू नकोस तिला."

भरड्याचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, गवार, कढी. अळूच्या जागी पालक. शलाका वाढायची आणि काका खुर्चीतून म्हणायचे, "प्रमिला, खीर घे. प्रमिला, वडा गरम आहे, आधी फोड." पहिल्यांदा मी दचकले. मग सवय झाली. दुसऱ्या वाढणीला मी त्या नावाला मान हलवली.

खिडकीबाहेर एक ट्रक थांबला. जाळीच्या दाराशी पन्नाशीचा एक माणूस टोपी काढून उभा राहिला. हातात कागदी पिशवी. आतलं दृश्य पाहून त्यानं पिशवी उंबऱ्याशी ठेवली, काकांकडे बघून छातीवर हात ठेवला आणि परत गेला.

"हाच," काका म्हणाले. "नवीन बदाम निघाले की आणून देतो. दाव्याची नोटीस मिळाली त्या आठवड्यातही आला होता. मी दार उघडलं तर रडत उभा."

मी काही बोलायचं नव्हतं. मी कढीत बोट बुडवून चाटलं.

"हीटर यानं बसवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. कऱ्हाडच्या एस्टी वर्कशॉपात तीस वर्षं काढली मी, शेवटची नऊ फोरमन म्हणून. बसवणाऱ्याचा हात कळतो मला. कंपनीनं चित्र दिलं तसं त्यानं बसवलं, स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे नाही. चित्रच चुकीचं असेल तर तो काय करणार? आणि आता त्याला कुणी काम देत नाही. ज्याच्या हीटरनं बाई मेली तो, म्हणतात."

"मग त्याचं नाव का घातलंत?" मी विचारलं.

विचारायला नको होतं. पण ते घरातल्या घरात निघालेलं बोलणं होतं, आणि माझ्या पानात अजून अर्धा वडा होता.

"मी कुठं घातलं! ब्रेननसाहेबांनी घातलं, वकिलांनी. त्यांना म्हटलं, सोडा त्याला. तर म्हणतात, 'सोडू, पण दोन नोव्हेंबर होऊ दे.' तो खुंटी आहे म्हणे. खुंटी आत्ता उपटली तर कंपनी दावा घेऊन शहरात पळेल, आणि मग माझी डिसेंबरची तारीख गेली."

"बाबा, जेवणाच्या वेळी कोर्ट नको," शलाका आतून म्हणाली.

"कोर्ट नको तर काय गाणं म्हणू? हिला कळू दे." काका माझ्याकडे वळले. त्यांचा श्वास आखूड झाला होता. "कंपनीनं काय लिहिलंय ठाऊक आहे? ती तिच्याच निष्काळजीपणानं मेली. अगं, घराबाहेर पडताना गॅसचा कॉक दोनदा बघायची ती. एस्टी सुटेल म्हणून मी रस्त्यातून ओरडायचो, आणि ही परत आत. कपडे वाळायचे ते न्हाणीघरात. दोरी मी बांधून दिली होती. हीटरवर तिनं कधी हातरुमाल टाकला नाही. हे मला उभं राहून सांगायचंय. बारा माणसांसमोर, याच गावातल्या. ज्यांच्याशी ती दुकानात खुणांनी बोलायची त्यांच्यासमोर."

"आधी एकदा तुमची जबानी झाली ना?" तेही मीच विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"झाली की. पण विचारलं सगळं कंपनीच्या वकिलानं. 'कपडे धुता का? हिवाळ्यात वाळतात का?' असलं. ब्रेनन म्हणाले, आपले प्रश्न आपण ज्यूरीपुढं विचारू, आत्ता पत्ते उघडायचे नाहीत. म्हणजे माझं बोलणं कागदावर नाहीच अजून." त्यांनी छातीवर दोन बोटं आपटली. "डॉक्टर म्हणतो, हे इंजिन डिसेंबर ओढेल. मार्चचं विचारू नका."

शलाकानं भात वाढला, तूप वाढलं आणि पाण्याचा तांब्या भरायला आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

काका खुर्चीतून पुढे झुकले. हात जोडले. माझ्याकडे पाहत होते, पण नजर माझ्या चेहऱ्यावर थांबत नव्हती.

"प्रमिला," ते म्हणाले. "काही राहिलं का?"

मी म्हटलं, "अहो, त्या एर्नेस्तोला सोडा."

नळ चालूच होता. काका हलले नाहीत. त्यांच्या नाकातली नळी बारीक सुसू करत होती.

"दोन नोव्हेंबर..." त्यांनी सुरुवात केली आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "बरं."

शलाका तांब्या घेऊन आली. "झालं विचारून? काय, पैठणी का?"

"सांगायचं नसतं," काका म्हणाले.

तिनं माझी ओटी भरली. मी वाकून नमस्कार करायला गेले तर काकांनी अडवलं. "आज नाही. आज मी तुला करायचा." आणि त्या एक्याऐंशी वर्षांच्या माणसानं खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. शलाकानं आणि मी मिळून त्यांना परत बसवलं.

बुधवारी, दहा ऑक्टोबरला, कचेरीतल्या फॅक्समधून दोन पानं निघाली. वादी दत्तात्रय गिजरे हे प्रतिवादी एर्नेस्तो यांच्यावरचा दावा स्वेच्छेनं आणि कायमचा मागे घेत आहेत. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती.

कॅरल तेव्हा दुसऱ्या गावात साक्षी घेत होती. मी तिला शोधून काढलं.

"ब्रेननला वेड लागलंय का?" ती फोनवर ओरडली. "आणखी तीन आठवडे कळ काढली असती तर आपण जन्मात हललो नसतो! कागद कधी तयार होतील?"

"तयार आहेत," मी म्हटलं.

"तयार आहेत म्हणजे?"

"तारखा भरायच्या बाकी आहेत फक्त."

"तुझ्यासारखी बाई मला वीस वर्षांत मिळाली नाही," कॅरल म्हणाली.

शुक्रवारी फेडरल कोर्टात अर्ज दाखल झाला. त्याची एक प्रत राज्याच्या कोर्टात द्यावी लागते. ती पोचली की तिथलं काम त्याच क्षणी थांबतं, न्यायाधीशालाही काही करता येत नाही. ती प्रत द्यायला मीच गेले, घर त्याच वाटेवर म्हणून. खिडकीतल्या बाईनं शिक्का मारला, मग तीन डिसेंबरचं पान काढलं आणि पट्टी लावून सरळ रेघ मारली.

"हा माणूस दर सोमवारी येतो," ती म्हणाली. "नळकांडं ओढत. विचारतो, तारीख आहे ना. आता सोमवारी मी काय सांगू?"

मी म्हटलं, "शहरात गेला म्हणून सांगा."

"तो कसा जाणार शहरात?" तिनं विचारलं.

ब्रेनननं दावा परत लोमा सेकात पाठवावा म्हणून तातडीचा अर्ज केला. सुनावणी एकोणीस नोव्हेंबरला ठरली. काका दुभाष्यातर्फे बोलणार होते, म्हणून कॅरलनं मला सोबत घेतलं. दुभाष्याचं मराठी नीट आहे की नाही ते मी ऐकायचं होतं. मी आजारी आहे म्हणून सांगू शकले असते. दाताचं कारण एकदा चाललं होतं.

फेडरल कोर्टाची खोली अकराव्या मजल्यावर. भिंती लाकडाच्या, खिडकी एकही नाही. मी कॅरलच्या मागच्या बाकावर बसले. शलाकाला हॉस्पिटलातली पाळी बदलून मिळाली नव्हती. ब्रेनननं काकांना स्वतःच्या गाडीतून आणलं होतं. चाकांच्या खुर्चीतून आत येताना काकांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली आणि थांबली. मग त्यांनी माझ्यापुढे बसलेल्या कॅरलकडे पाहिलं, कॅरलसमोरच्या फायलींकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

ब्रेनन उभा राहिला. ढगळ कोटातला, साठीकडे आलेला गावचा वकील. "युवर ऑनर, माझ्या अशिलाला दोन नोव्हेंबरचं महत्त्व पुरतं माहीत होतं. चार ऑक्टोबरपर्यंत तो थांबायला तयार होता. पाच तारखेला सकाळी फोन करून म्हणाला, आजच सोडा. मी हातापाया पडलो. तो म्हणाला, अमावास्येच्या आत झालं पाहिजे. मधल्या एका दिवसात कुणीतरी त्याच्याशी बोललंय. कोण, ते तो मला सांगत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मिस विटमर, तुमच्या बाजूचं कुणी वादीशी बोललं आहे?"

कॅरल उभी राहिली. ती कधी खोटं बोलत नसे, आणि तेव्हाही बोलली नाही. "नाही, युवर ऑनर. ठामपणे सांगते. कुणीही नाही."

माझ्यासमोर तिच्या कोटाची पाठ होती. शिवण सरळ होती.

"मिस्टर ब्रेनन," न्यायाधीश म्हणाले, "नुसत्या संशयावर मी दावा परत पाठवू शकत नाही. मात्र समोरच्या बाजूच्या माणसानं तुमच्या अशिलाला हे करायला लावलं असेल, तर गोष्ट वेगळी. पंधरा मिनिटं थांबू. त्यांना काही सांगायचं असेल तर त्यांच्याशी बोला."

कॅरल फोन करायला लांब गेली. मी बाहेरच्या बोळात भिंतीशी उभी होते. ब्रेननचं काकांशी बोलून झालं असावं. तो दुभाष्याला घेऊन पाण्याच्या नळाकडे गेला, चेहरा लाल झालेला. काकांनी हातांनी चाकं फिरवत खुर्ची माझ्यापर्यंत आणली.

"बस," ते म्हणाले. समोर बाक होता.

"काका, मला तुमच्याशी बोलायला परवानगी नाही."

"तेव्हा होती?"

मी बसले.

"तू यांच्याकडे कामाला आहेस. पाटावर बसलीस तेव्हाही होतीस?"

"हो."

"शलाकाला ठाऊक आहे?"

"नाही."

त्यांनी नळी नाकात नीट बसवली. रागावलेले दिसले नाहीत. बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघावं तसे माझ्याकडे बघत होते.

"ब्रेनन म्हणतो, मी नुसतं नाव सांगितलं तरी दावा माघारी जाईल. तीन डिसेंबरला अजून दोन आठवडे आहेत. ती खिडकीतली बाई चांगली आहे, पुन्हा लिहील. तुझी नोकरी जाईल, तुझ्या त्या बाईला दंड होईल, ते मी बघायला बसलो नाही. मला एकच सांग."

"काय?"

"तू मला काका म्हणतेस. मंडळात काका, त्या दिवशी दारातून आत आलीस तेव्हा काका, आत्ताही काका. विचारल्यावर तू 'अहो' म्हणालीस. तिची हाक होती ती, शेवटचा 'हो' जरा लांबवून. ते तू बोललीस, की प्रमिला?"

बोळाच्या टोकाला कॅरल फोनवर हसत होती. नळाशी ब्रेनन कागदी पेला चुरगळत होता.

खरं उत्तर मी बोलावणं आलं त्या दिवसापासून जाणत होते. कॅलेंडरकडे बघितलं तेव्हाच काय मागायचं ते ठरलं होतं. मंगळवारी आणि बुधवारी, काम करताना, मी ते वाक्य मनात म्हणूनही पाहिलं होतं. 'काका, त्या एर्नेस्तोला सोडा.' दोन दिवस ते वाक्य असंच होतं. पाटावर 'काका'चं 'अहो' कसं झालं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही येत नाही. सगळ्या दाव्यातली हीच एक गोष्ट मला तपासता आलेली नाही.

पण त्यांनी नुसत्या त्या एका शब्दाबद्दल विचारलं नव्हतं, सगळ्या मागण्याबद्दल विचारलं होतं.

"काकू," मी म्हटलं.



"मग नाव कसं सांगू?" ते म्हणाले. "तिचं नाव कोर्टात ओढलं, म्हणून तर आलो इथवर. आता मीच सांगू, की तिनं असं करायला लावलं? लोक हसतील तिला." त्यांनी खुर्ची वळवायला घेतली. चाक बाकाला अडलं. मी हात लावून सोडवलं. "ये आता. तुझी माणसं वाट बघत असतील."

आत गेल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "मिस्टर गिजरे, तुमच्याशी कोण बोललं, हे तुम्हाला सांगायचं आहे?"

काका टेबलाला धरून उभे राहिले. बसून बोला, असं न्यायाधीश म्हणाले, दुभाष्यानं ते सांगितलं, तरी ते बसले नाहीत. "नाही," ते मराठीत म्हणाले. "घरातलंच माणूस होतं."

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. कॅरलनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. भाषांतर बरोबर आहे, अशी मी मान हलवली.

ब्रेननचा अर्ज फेटाळला गेला. फेडरल कोर्टानं खटल्याला तारीख दिली ती पुढल्या वर्षाच्याही पुढच्या एप्रिलची. काका एकोणीस फेब्रुवारीला गेले. जूनमध्ये शलाकानं कंपनीशी तडजोड केली. तडजोडीच्या कागदात कुणी काही कबूल केलेलं नाही. हीटरवर कपडे होते की नव्हते यावर काकांच्या बाजूची एकही ओळ दप्तरात नाही. जी आहेत ती कॅरलचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. ती फाइल बंद करून खोक्यात मी भरली. मग ती नोकरी सोडली.

त्या सप्टेंबरात शलाकाचा फोन आला. मी पुढे कुठे काम करते, आधी कुठे करत होते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तडजोडीचे कागद ब्रेननच्या कचेरीत झाले होते. तिला काही कळलं नव्हतं.

"नवमी आली गं," ती म्हणाली. "गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, नवरा गेला की अविधवा नवमी बंद होते. म्हणजे आईची तेवढी एकच झाली. तू आलीस म्हणून झाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू? आता बाबाही नाहीत, सांगायला हरकत नसावी. त्या दिवशी मी पाणी भरायला आत गेले होते. त्यांनी विचारलं तेव्हा तू काय मागितलंस?"

"भात," मी म्हटलं. "थोडा भात मागितला."

"हो? मग वाढला का त्यांनी?"

"हो."

"बरं झालं," शलाका म्हणाली. "मला उगीच वाटत होतं, काही राहून गेलं की काय."